बत्तीगल्लीचा एकही फोटो नाही

४ नोव्हेंबर

निवृत्त माणसाने दैनंदिनी लिहावी, डोकं ठिकाणावर राहतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे स्वतः लिहीत नाहीत. बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिण्यात जन्म गेला, आता हाताला विश्रांती हवी म्हणतात. मी इस्पितळात एक्स-रे काढत होते. माझं लिखाण म्हणजे फिल्मच्या कोपऱ्यात ‘डावा’ किंवा ‘उजवा’. तेव्हा इथे साहित्य वगैरे होईल अशी आशा कोणी ठेवू नये.

लिहायला कारण मात्र मिळालं आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी बोलावून घेतलं होतं. जानेवारीत शहरातल्या जुन्या वस्त्यांचं प्रदर्शन भरवायचं आहे आणि त्यात आमच्या बत्तीगल्लीला एक अख्खी भिंत द्यायची आहे. मी त्याच गल्लीत वाढले. लग्नाच्या मिरवणुकीत दोन्ही अंगांनी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं सगळी आमच्या गल्लीची, बायकाही आणि पुरुषही. शहरातल्या निम्म्याअधिक घरांची लग्नं त्यांच्या उजेडात लागली. आता त्या कामातले सातजण उरले आहेत, त्यांतली एक माझी आई. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवायच्या, जुने फोटो जमवायचे आणि नवे काढायचे, असं काम आहे.

“तुम्ही गल्लीतल्याच, शिवाय फोटोतलंही तुम्हाला कळतं,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. म्हटलं, मला हाडांच्या फोटोतलं कळतं. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

संध्याकाळी गल्लीत घरोघर चौकशी केली. बत्तीवाल्याचा बत्तीसकट असा एकही फोटो एकाही घरात नाही. सुरुवात उत्साहवर्धक आहे.

७ नोव्हेंबर

आईच्या घशाचा निकाल आला. गेले काही महिने आवाज बसला होता तो सर्दीने नव्हता. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. काढलं तर जगेल, पण बोलणं कायमचं जाईल. अठ्ठावीस तारीख मिळाली. डॉक्टरांनी सगळं दोनदा समजावून सांगितलं. आईने एकच विचारलं, जेवता येईल का? येईल म्हणाले. मग करा, म्हणाली, आणि पिशवी उचलून दाराकडे निघाली.

परतताना रिक्षावाल्याने चुकीचं वळण घेतलं म्हणून ती घरापर्यंत त्याच्याशी भांडली. तीन आठवड्यांचा आवाज शिल्लक आहे आणि त्याची ही अशी उधळपट्टी चालली आहे.

तपासण्यांत मानेचाही एक्स-रे काढला होता. तो मी खिडकीशी धरून बघितला. मणके एकमेकांवर बसत आले आहेत. डोक्यावर वर्षानुवर्षं ओझं वाहिलेली मान अशीच दिसते. आईचा एकटीचा म्हणावा असा हा पहिलाच फोटो.

मुलाखतींची सुरुवात आईपासून करायचं ठरवलं आहे. कामाच्या सोयीने ठरवलं, त्यात भावनेचा काही प्रश्न नाही.

९ नोव्हेंबर

आई आमच्याकडेच असते, त्यामुळे मुलाखत घरीच होणार होती. खिडकीशी खुर्ची मांडली, ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर ठेवलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि आईला खुर्चीत बसवलं. कॅमेऱ्यातून बघते तर खुर्ची रिकामी. आई माझ्या शेजारी उभी राहून पडदा सरकवत होती. खुर्चीवर उजेड नीट नाही म्हणाली. पुन्हा बसवली, पुन्हा उठली. तिसऱ्या वेळी मी आवाज चढवला तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेली. जाताना म्हणाली की तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मुकादमाला विचार, त्याला बोलायला आवडतं.

यंत्र चालूच राहिलं होतं. त्यावर नोंदला गेला तो आई आणि दूधवाला यांचा संवाद. विषय, दुधातलं पाणी. आवाज फाटका आहे पण मुद्दे स्पष्ट आहेत. मी ते पुसलं नाही. यंत्रात जागा भरपूर आहे.

१० नोव्हेंबर

दैनंदिनीत खरं लिहायचं म्हणतात, तर एकदा लिहून मोकळी होते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आई नाही. सासूबाई आहेत, मामा आहेत, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा एका फोटोत शेपटीसकट आला आहे. नवरीची आई कुठेच नाही.

तिला हे पसंत नव्हते. तिच्या मनात कापडवाल्यांचं स्थळ होतं. मी ऐकलं नाही, म्हणून ती लग्नात तोंड दाखवण्यापुरती वावरली आणि एकाही फोटोला उभी राहिली नाही. ह्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली. मी विषय काढत नाही आणि तीही काढत नाही. जावयाशी मात्र तिचं गूळपीठ आहे. ते कधी जमलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

मुकादमांची मुलाखत झाली. मिरवणुकीत कोणी कुठे चालायचं ते ठरवणं हे त्यांचं काम होतं. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, कान तिखट. बत्तीला पंप कधी मारायचा, जाळी फुटली तर काय करायचं, कोणी चक्कर येऊन बसला तर चालत्या ओळीत बत्ती दुसऱ्याच्या डोक्यावर कशी द्यायची, सगळं सांगितलं. मला फार प्रश्न विचारावेच लागले नाहीत.

गल्लीत फोटो का नाहीत तेही कळलं. फ्लॅश निघाले तरी इथल्या जुन्या फोटोवाल्याला ते आवडत नसत. फ्लॅशने नवरासुद्धा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो असं तो म्हणे. त्याला बत्तीचा उजेड लागे. त्याने कॅमेरा वर केला की जवळच्या बत्तीवाल्याने कॅमेऱ्याच्या बाजूला यायचं आणि उजेड नवरानवरीच्या तोंडावर नेमका धरायचा. स्वतः मध्ये दिसायचं नाही. ‘फोटोत आला तो उद्या घरी’ हा मुकादमांचा नियम. पोरांना बत्ती उचलायला शिकवण्याआधी हा नियम शिकवत असत.

शेवटी त्यांनी एक किस्सा सांगितला. एकदा आपल्याच गल्लीतल्या मुलीचं लग्न होतं. त्या दिवशी सगळी गल्ली पाहुणी, कोणी बत्तीला हात लावायचा नाही असं ठरलेलं. बाहेरून माणसं आणली. त्यांना चालता येत होतं, पण फोटोवाल्याजवळ उभं राहता येईना. उजेड नवरीच्या कपाळावर जाई आणि तोंड काळं येई. फोटोवाला ओरडायला लागला. तेव्हा नवरीच्या आईने पदर खोचला, एकाच्या डोक्यावरची बत्ती उतरवून घेतली आणि शेवटच्या फोटोपर्यंत तीच उभी राहिली. सांगताना मुकादम माझ्याकडे टक लावून बघत होते. दात नसल्यामुळे त्यांची बघण्याची पद्धत तशी आहे.

कोणाची मुलगी आणि साल कोणतं, असं मी विचारलं. “ते तुझं तू बघ,” म्हणाले. नाव नाही, साल नाही, अशा किश्श्याचं मी काय करणार? ‘संकीर्ण’मध्ये टाकला.

१५ नोव्हेंबर

आज सातहीजणांचा एकत्र फोटो काढायचा होता. आईला मोठ्या मिनतवारीने घेऊन गेले. शाळेच्या भिंतीशी लांब बाक मांडला, सगळ्यांना ओळीने बसवलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. बाक रिकामा. मान वर करून बघते तर सातहीजण माझ्या दोन्ही बाजूंना उभे, माना ताठ, नजर बाकावर. उंच मावशी गल्लीतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा उंच आहेत. त्यांनी मला कोपराने जरा सरकवलंसुद्धा.

आपण उठलो हे त्यांना कळलंच नव्हतं. पुन्हा बसवले. नुसतं बसून राहायचं, उजेडाचं मी बघते, असं बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅमेरा वर केला की पुन्हा सगळे उठले. मोतीबिंदू झालेल्या काकांना कॅमेरा दिसत नाही, ते बाकीच्यांच्या पावलांचा आवाज ऐकून उठत होते. एक्स-रेच्या खोलीत हलणाऱ्या माणसाला पट्ट्याने बांधायची सोय असते. इथे नाकी नऊ आले. शेवटी वैतागून बटण दाबलं गेलं आणि रिकाम्या बाकाचा एक उत्तम फोटो मिळाला.

१६ नोव्हेंबर

ग्रंथपाल बाईंना रिकामा बाक फार आवडला. मोठा करून मधोमध लावू म्हणतात. आमच्या भिंतीचं नावही त्यांनी ठरवून टाकलं आहे, ‘दिव्याखाली अंधार’. मुकादमांना जाऊन सांगितलं. 

“अंधार नव्हता,” म्हणाले. “मी होतो.”

ग्रंथपाल बाईंना हे कळवलं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

सकाळी आईचा आवाज उठल्यापासून बराच वेळ फुटलाच नाही. ती नुसती ओठ हलवत होती. मग एकदम आला आणि तिने पहिलं काय विचारलं असेल तर गॅस बंद केलास का. मी तोवर फडताळातले सगळे डबे उतरवून पुन्हा लावले होते, कशासाठी ते सांगता येणार नाही.

१९ नोव्हेंबर

बाकीच्या पाचजणांच्या मुलाखती झाल्या. उंच मावशी सर्वांत जास्त वेळ बोलल्या आणि त्यातला बराच वेळ आईबद्दल बोलल्या. तिच्यासारखा उजेड कोणी धरला नाही म्हणतात. मी म्हटलं, मग तिने स्वतःच सांगावं.

म्हणून आईला पुन्हा खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं बसली, घड्याळ लावून. पहिली बत्ती कधी घेतलीस? आठवत नाही. कोणाबरोबर? होते सगळे. काय वाटायचं? “जड वाटायचं.” एवढं बोलून उठली आणि खुर्चीची दिशा बदलायला लागली. मग माझा तोल गेला. म्हटलं, माझ्या लग्नातसुद्धा फोटोला उभी राहिली नाहीस, आता काय राहणार?

ती खुर्ची धरून उभी राहिली. “नाही राहिले,” म्हणाली. त्यात राग नव्हता आणि दिलगिरीही नव्हती. मग खोकला आला आणि बोलणं तिथेच थांबलं.

ह्यांनी तिला पाणी दिलं. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. तोंडात मूग धरून बसायची ह्यांना जुनी सवय आहे.

२१ नोव्हेंबर

गल्लीत फोटो नाहीत, पण ज्यांच्या लग्नात गल्ली गेली त्यांच्याकडे असणार, हे मला इतक्या उशिरा सुचलं. दोन दिवस शहरात ओळखी काढून लग्नाचे जुने अल्बम गोळा केले. लोक आनंदाने देतात आणि प्रत्येक फोटोतला प्रत्येक माणूस सांगितल्याशिवाय सोडत नाहीत.

बत्तीवाले कुठेच दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड सगळीकडे दिसतो. उजेड कुठून आला हे ओळखण्यावर मी पोट भरलं आहे. मुलाखतींत कोण कसा धरत असे ते ऐकलंच होतं. उंच मावशींनी धरला असेल तर नाकाची सावली लांब पडून ओठावर येते. मुकादम धरत तो जरा लांबून, गाल भरल्यासारखे दिसतात. तासाभरात मला कोणता फोटो कोणाचा हे सांगता यायला लागलं. प्रदर्शनात लावायला माणसं नाहीत तर निदान त्यांचा उजेड लावता येईल. मी खुशीत होते.

पडताळा म्हणून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढला. पहिल्या तीन फोटोंत माझं कपाळ पांढरं आणि तोंड काळं. चौथ्यापासून उजेड एकदम सुरेख. सावली नाकाखालीच आटोपते, डोळ्यांत दोन बारीक ठिपके. उजेड खालच्या उंचीवरून आलेला. हे शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना म्हटलं, आपल्या लग्नात बत्ती धरणारा चांगलाच बुटका होता.

“धरणारा?” हे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

“धरणारा, धरणारी, जे असेल ते.”

“असं बुटकं तुझ्या माहितीत कोण आहे?”

मी मुकादमांच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, तिची आणखी एक घडी केली, आणि ती मांडीवर ठेवली.

“सासूबाई,” म्हणाले.

मग सगळं सांगितलं. लग्नात मी मान खाली घालून बसले होते, आणि वर बघितलं तरी बत्तीच्या पलीकडचं काही दिसत नाही. पण मध्ये एकदा जाळी बदलायला बत्ती खाली घेतली, तेव्हा ह्यांना त्या दिसल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढे एकदा स्वयंपाकघरात म्हणाल्या, तुमच्या घरी कळलं तर म्हणतील नवरीची आई लग्नात मजुरी करत होती, आणि ते पोरीला ऐकून घ्यावं लागेल. मी विचारलं, माझे सासूसासरे जाऊनही बारा वर्षं झाली, तेव्हा का नाही सांगितलं? तेव्हा ह्यांनी आईला म्हटलं होतं, आता सांगूया. त्यावर आई म्हणाली, आता राहू द्या, तिला रागवायची सवय झाली आहे.

छत्तीस वर्षं ह्या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही. गाड्यांच्या वेळा मात्र झोपेत बडबडत असत.

२२ नोव्हेंबर

ह्यांच्याशी बोलत नाही. त्यांना ते जाणवलेलं नाही असं ते दाखवत आहेत.

‘संकीर्ण’मधला किस्सा काढून ऐकला. पुन्हा ऐकला. मग मुकादमांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. साल सापडलं का, असं त्यांनीच विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाले, ही म्हण तुमच्या घराण्यावरूनच पडली असणार. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मला ठाऊक असून मी दाखवत नाही, असं सगळे धरून चालले होते.

मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. बराच वेळ रडले. मुकादम रस्त्याकडे बघत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘डोळ्यात काहीतरी गेलंय’ असं सांगत राहिले.

२४ नोव्हेंबर

आईशी त्याबद्दल बोलायचं ठरवून दोनदा तिच्या खोलीत गेले. एकदा उशीचा अभ्रा बदलून आले, एकदा औषध देऊन. आवाज आता कुजबुजण्याइतकाच उरला आहे. डॉक्टर म्हणाले, कमी बोलू द्या. मला तिचा आवाज हवा आहे. प्रदर्शनासाठी नाही. प्रदर्शन खड्ड्यात जावो.

२६ नोव्हेंबर

दुपारी कॅमेरा पुन्हा लावला. आईला काही म्हटलं नाही. चौकट बरोबर बसते का ते बघायला खुर्चीत कोणी नव्हतं, म्हणून कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो काढेल असा लावला आणि स्वतःच जाऊन बसले. यंत्र टेबलावर चालू होतं. आई दारात आली. तिने मला खुर्चीत बघितलं.

“अशी बसतात का?” म्हणाली. “अर्धं तोंड काळं येतंय तुझं. ऊठ नकोस. बस तिथेच.”

तिने ओट्यावरचं फडकं आणलं, त्याला दोन पीळ देऊन डोक्यावर चुंबळ केली, टेबलावरचा दिवा तारेसकट उचलला आणि चुंबळीवर ठेवला. हात सोडले. दिवा हलला नाही. मी “मान!” म्हणून ओरडले. मानेला माहीत आहे, म्हणाली, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

मग बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं. पहिली बत्ती चौदाव्या वर्षी घेतली, मावशीला ताप होता म्हणून तिच्या जागी. चालताना आधी चवडा टेकायचा, टाच आधी टेकली तर ज्योत थरथरते. खाली बघायचं नाही, रस्ता पायांनी ओळखायचा. रॉकेल कानामागे ओघळतं तेव्हा पुसायचं नाही. रस्ताभर वाजतगाजत चाललेलं असतं, पण आपल्याला बत्तीचं सूं सूं तेवढंच ऐकू येतं, आणि लग्न संपल्यावरही ते दोन दिवस कानात राहतं. झोपलेल्या पोरीच्या श्वासासारखं ते वाटायचं म्हणाली. पोरगी म्हणजे मीच. आवाज मधेच जाई, ती थांबे, गिळे, आणि पुढे बोले.

“माझ्या लग्नात तू,” मी सुरुवात केली.

“हलू नकोस. हनुवटी वर.”

मी हनुवटी वर केली. माझ्या डोळ्यांवर दिवा होता. ती मला दिसत नव्हती.

“बाहेरचे लोक होते,” ती म्हणाली. “कपाळ लख्ख आणि तोंड काळं. मी म्हटलं, हे फोटो पोरीकडे जन्मभर राहणार.”

“त्यात तू कुठेच नाहीस.”

“मी कशी असेन? मी तर धरत होते.”

“मला वाटलं तू रागावली होतीस.”

“होतेच. कापडवाल्यांचं स्थळ चांगलं होतं.” दिवा किंचित पुढे आला. “राग होता म्हणून उजेड वाईट धरायचा का?”

मी हनुवटी तशीच वर धरून ठेवली. हलू नकोस असं सांगितलेलं होतं.

टेबलावरच्या यंत्राचा लाल ठिपका तेवढ्यात विझला. दूधवाल्याशी झालेलं भांडण, मुकादम आणि उंच मावशी, सगळ्यांनी मिळून यंत्र भरलं होतं. मला ते दिसलं. आईला दिसण्यासारखं नव्हतं.

“झालं?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “अजून नाही.”

ती बोलत राहिली. मध्ये आणखी दोनदा तिने झालं का असं विचारलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. सांगितलं असतं तर तिने दिवा खाली ठेवला असता, आणि एकदा खाली ठेवलेली बत्ती ती पुन्हा उचलत नसे. आवाज पुरला तिथपर्यंत ती बोलली. ते कुठेही नोंदलेलं नाही. इथेही लिहिणार नाही.

२७ नोव्हेंबर

इस्पितळात दाखल केलं. ह्यांच्याशी बोलायला सुरुवात केली आहे, कारण सामान दोघांना उचलायचं होतं.

२८ नोव्हेंबर

झालं. नीट झालं म्हणतात.

१९ डिसेंबर

आई घरी आली. मानेला छिद्र आहे, त्यातून श्वास घेते. हवं ते टाळी वाजवून मागते. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे मी, तीन म्हणजे मी काहीतरी चुकीचं करते आहे. तीन टाळ्या सारख्या ऐकू येतात.

घर फार शांत आहे. दूधवाल्यानेही आज विचारलं, आजी बऱ्या आहेत ना? दूध पूर्वीपेक्षा पातळ आहे. मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण जमलं नाही.

१० जानेवारी

उद्या प्रदर्शन. आज वाचनालयात भिंत लावली. आईला घेऊन गेले होते, घरी एकटी ठेवायची नाही म्हणून. भिंतीचं नाव आता नुसतं ‘बत्तीगल्ली’ आहे. ग्रंथपाल बाईंनी ऐकलं शेवटी. रिकामा बाक मधोमध आहे. भोवती शहरातल्या लोकांनी दिलेले लग्नाचे फोटो, आणि प्रत्येकाखाली नवरानवरीच्या ऐवजी उजेड कोणी धरला त्याचं नाव. खाली हेडफोन टांगले आहेत, त्यांत ज्याचा त्याचा आवाज.

आईच्या जागी माझा सव्वीस नोव्हेंबरचा फोटो आहे. दुहेरी हनुवटी, डोळे पाणावलेले, पण उजेड अप्रतिम. ग्रंथपाल बाई आधी गोंधळल्या, ह्यात त्या कुठे आहेत म्हणाल्या. मग हेडफोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि तो काढून हातात धरला.

“हे मध्येच तुटतं,” म्हणाल्या. “त्यांनी ‘झालं?’ विचारलंय आणि तुम्ही ‘नाही’ म्हणताय असं वाटतं, अर्धंच ऐकू येतं. पुढे काय म्हणाल्या त्या? दोन ओळी लिहून द्या, आपण खाली लावू.”

ते मी शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. यंत्र विझण्याच्या नेमक्या क्षणाबद्दल माझा अंदाज चुकला होता, एवढं कळलं. आई माझ्या शेजारीच खुर्चीवर बसली होती. आपलं पुढचं बोलणं कुठेच नाही, हे तिलाही आत्ताच कळत होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

“पुढे काही नाही,” मी म्हटलं. “झालं होतं.”

ग्रंथपाल बाई बरं म्हणाल्या आणि खिळे आणायला गेल्या. आईला बोलता येत असतं तर तिने मला तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं. तिने माझा दंड धरला आणि सणसणीत चिमटा काढला. दुखलं. मी हात काढून घेतला नाही.